शाळेचा दर्जा ठरवायचा तर मुलाला न शिकवलेला परिच्छेद वाचायला द्या

मा. शिक्षणाधिकारी, उपशिक्षणाधिकारी, प्रशासकीय अधिकारी (शाळा) आणि सर्व विभाग निरीक्षक,
शिक्षण विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका

स. न. वि. वि.

पालिकेच्या प्राथमिक शाळेला दर्जाचे तक्ते भरायची चांगली सवय आहे. यू-डायस या देशभरच्या शाळा-नोंद प्रणालीतली माहिती, शाळा सिद्धीचं स्वयंमूल्यमापन, सुंदर शाळेच्या स्पर्धेचे फोटो, संकलित चाचणीचे गुण. एवढं सगळं वेळेवर भरूनही एका साध्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडत नाही: या शाळेत तिसरीतल्या किती मुलांना न शिकवलेला परिच्छेद वाचून समजतो? आमचं मागणं असं की दर्जाची मोजणी या प्रश्नापासून सुरू करावी. इमारत, शिक्षक, पाणी, आहार, पालकांची समिती हे सगळं नंतर तपासावं, आणि तेही या उत्तरामागची कारणं शोधण्यासाठी.

सध्याची साधनं वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. यू-डायस खोल्या, नळ आणि शौचालयं मोजतं, आणि ती मोजायलाच हवीत. शाळा सिद्धीत सात क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत, विचारपूर्वक केलेली आहेत. पण तिथे आधी शाळा स्वतःच स्वतःला श्रेणी देते, आणि खालची श्रेणी दिली तर खुलासा मागवला जाईल ही भीती मुख्याध्यापकांना असते. मग सगळ्यांच्या श्रेणी वरच्याच येतात. राष्ट्रीय पातळीवरची संपादणूक सर्वेक्षणं नमुना पद्धतीची असतात. ती जिल्ह्याबद्दल बोलतात, शाळेबद्दल बोलत नाहीत. ‘असर’चं सर्वेक्षण २००५ पासून मुलांना घरी जाऊन वाचायला देतं, पण ते ग्रामीण जिल्ह्यांत होतं. ते सुरू करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेचं काम मुंबईच्याच वस्त्यांमध्ये सुरू झालं होतं, तरी मुंबईचं मूल त्यात नसतं. म्हणजे वडाळ्याच्या किंवा मालवणीच्या एखाद्या शाळेत वाचन कसं आहे हे कळायला आपल्या निरीक्षकांनी तिथे बसून ऐकण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

ऐकायचं कसं, हे जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

पहिली चूक मुलं निवडण्यात. “चार-पाच मुलं पाठवा” म्हटलं की वर्गातली चुणचुणीत मुलंच येतात. निवड हजेरीपटावरून करावी. वर्गाचा पट ४० असेल तर आठ मुलांसाठी दर पाचवं नाव घ्यायचं. सुरुवात एक ते पाचमधल्या कोणत्याही आकड्यापासून, समजा तीनपासून: मग ३, ८, १३ असं ३८ पर्यंत. निवडलेलं मूल गैरहजर असेल तर शेजारचं मूल घेऊ नये. गैरहजर अशी नोंद करून त्याच आठवड्यात पुन्हा यावं. वारंवार गैरहजर राहणारी मुलंच बहुधा वाचनात मागे असतात. त्यांच्या जागी हजर मुलं घेतली की शाळा आहे त्याहून चांगली दिसते.

दुसरी चूक मजकुराची. बालभारतीचा धडा देऊ नका. वर्गात तो इतक्या वेळा म्हटलेला असतो की मूल घडाघडा म्हणतं, बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंड चौथ्या ओळीवर. दुसरीच्या पातळीचा, ६०-७० शब्दांचा, चित्र नसलेला नवा परिच्छेद लिहून घ्यावा. त्यात पाच-सहा जोडाक्षरं असावीत. बस, पाऊस, बाजार, मांजर असा मुलांच्या ओळखीचा विषय असावा. किमान चार वेगवेगळे परिच्छेद लागतात, कारण पहिलं मूल वर्गात परत गेलं की दुसऱ्याला गोष्ट कळलेली असते. बसायचं मुख्याध्यापकांच्या खोलीत नाही, व्हरांड्यातल्या शांत कोपऱ्यात, आणि मुलाच्या शेजारी. टेबलापलीकडे कागद-पेन घेऊन बसलेल्या मोठ्या माणसासमोर वाचता येणारं मूलही अडखळतं. पाठांतराची शंका आली तर मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून तेवढाच वाचायला सांगावा.

आता कान द्यायचा तो चुकांकडे. ‘पावसात’ हा शब्द एक मूल ‘पा… व… सा… त’ असं सुटं म्हणतं आणि शेवटी शब्द जुळवू शकत नाही. दुसरं पहिलं अक्षर पाहून अंदाज करतं, ‘दुकान’ला ‘दुपार’ म्हणतं. तिसरं ‘रस्ता’ला ‘रसता’ म्हणतं, आणि ‘चक्र’, ‘सूर्य’, ‘कृपा’ यांत अडकतं. ही तीन मुलं तीन वेगवेगळ्या ठिकाणी थांबलेली आहेत. पहिल्याला अक्षरं जोडून शब्द करण्याचा सराव हवा, दुसऱ्याला शब्द शेवटपर्यंत पाहण्याची सवय हवी, तिसऱ्याला जोडाक्षरं आणि रफार-रकाराचं काम हवं. तपासणीच्या कागदावर तिघांसमोर नुसतं ‘वाचन कच्चे’ लिहिलं, तर शिक्षक तिघांनाही पुन्हा मुळाक्षरं गिरवायला लावतात, आणि दोघांचं वर्ष वाया जातं. म्हणून निरीक्षकांच्या तक्त्यात श्रेणीच्या शेजारी ‘कुठे अडलं’ असा रकाना हवाच. आमच्या मते या सगळ्या तपासणीत त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

वाचून झालं की दोन प्रश्न विचारावेत. एकाचं उत्तर परिच्छेदात थेट असावं, दुसऱ्यासाठी थोडा विचार करावा लागावा. मुलानं उत्तर हिंदीत, भोजपुरीत, बंजारीत किंवा घरातल्या कोणत्याही बोलीत दिलं तरी ते ग्राह्य धरावं. इथे आपण समज तपासतोय. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात हे दोन प्रश्न जास्तच महत्त्वाचे, कारण तिथे स्वच्छ उच्चारात वाचणाऱ्या मुलाला वाक्याचा अर्थ अजिबात न कळणं हे वारंवार आढळतं.

केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या निपुण भारत अभियानानं तिसरीसाठी मिनिटाला ६० शब्दांचं लक्ष्य ठेवलं आहे. वेग महत्त्वाचा आहे, कारण फार सावकाश वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतं. पण आपल्या पालिकेत आठ माध्यमं आहेत, आणि शब्द म्हणजे किती हे प्रत्येक भाषेत वेगळं. हिंदीतलं ‘घर के सामने’ तीन शब्द भरतं, मराठीतलं ‘घरासमोर’ एकच. तमिळ, तेलुगू, कन्नडमध्ये शब्द आणखी लांब होतात. उर्दूत वाचताना बऱ्याचदा न लिहिलेले ऱ्हस्व स्वर मुलाला मनानं भरावे लागतात. म्हणून मिनिटाला शब्दांचा आकडा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांमध्ये तुलनेला वापरू नये, ही आमची आग्रहाची विनंती. त्याच माध्यमात, त्याच शाळेत, जुलैपेक्षा मार्चमध्ये वेग वाढला का एवढंच पाहावं. आणि घड्याळ मुलाच्या डोळ्यांसमोर नको, नाहीतर मूल अर्थ सोडून पळत सुटतं.

गणितासाठी पाच मिनिटं पुरतात. दुसरीच्या मुलाला ‘एकोणतीस’ लिहायला सांगा. ३९ लिहिलं तर कानावर पडलेला ‘तीस’ त्याला पुरेसा वाटला आहे. मराठी संख्यानामांची ही अडचण खरी आहे, आणि ती बोलून, मांडून, गठ्ठे-सुट्टे करून सुटते, शंभर वेळा पाढे लिहून सुटत नाही. तिसरीत ५२ वजा २७ द्या. उत्तर ३५ आलं तर मूल निष्काळजी नाही. मोठ्यातून लहान वजा करायचं हा नियम त्यानं प्रामाणिकपणे पाळला आहे, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याला ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे हे हातात घेऊन पाहायला मिळालेलं नाही. पाचवीत ६१८ भागिले ६. उत्तर १०३ यायला हवं. १३ आलं तर भागाकारातला शून्य गळला आहे, म्हणजे पुन्हा स्थानिक किमतीचाच प्रश्न. वर्गातल्या निम्म्या मुलांची चूक एकच असेल तर ती शिकवण्याच्या पद्धतीतली आहे, आणि त्यासाठी शिक्षकाला मदत हवी आहे.

दुसरी, तिसरी आणि पाचवीची प्रत्येकी आठ, अशी २४ मुलं, प्रत्येकाला साधारण सात-आठ मिनिटं. दोघे जण बसले तर दीड तासात होतं. म्हणजे सकाळच्या सत्रातली मोठी सुट्टी होण्याआधी.

आकडे हातात आले की सरासरी काढू नका. सरासरीमुळे पाच हुशार मुलांच्या आड दहा न वाचणारी मुलं लपतात. नुसतं मोजा: किती मुलं परिच्छेद समजून वाचतात, किती शब्दापर्यंत आहेत, किती अक्षरापर्यंत. शाळांची क्रमवारी तर लावूच नका. मराठी माध्यमाच्या कितीतरी वर्गांचा पट आता १२-१५ वर आला आहे. १२ मुलांच्या वर्गात एका मुलाचा फरक आठ टक्क्यांहून जास्त होतो. ते एक मूल गावाला गेलं किंवा नवं आलं की शाळा यादीत वर-खाली होते, आणि त्यात शिक्षणाचा काहीच संबंध नसतो. शिवाय बालवाडीतून आलेल्या मुलांची शाळा आणि थेट पहिलीत आलेल्या मुलांची शाळा एका ओळीत उभी करणं अन्यायाचं आहे. प्रत्येक शाळेची तुलना तिच्या स्वतःच्या वर्षारंभाशी व्हावी.

वर्षाच्या मध्ये दाखल झालेली मुलं वेगळ्या ओळीत दाखवावीत, वगळू नयेत. मुंबईत ही संख्या लहान नाही. पुनर्विकासात वस्ती उठते, कुटुंब संक्रमण शिबिरात जातं, आणि मूल दाखल्याविना नव्या शाळेच्या दारात उभं राहतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट सांगतं की दाखला उशिरा येतो म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. याच कारणानं प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश आणि दाखल्यांची कायमची नोंदवही, उघडून आणखी एक हिशेब करावा: पाच वर्षांपूर्वी पहिलीत असलेली मुलं आज कुठे आहेत? किती इथेच, किती दाखला घेऊन दुसरीकडे, आणि किती अशी की कुठे गेली याची नोंदच नाही. शेवटचा आकडा हा शाळेच्या दर्जाचा भाग आहे. मागे पडलेली मुलं गळून गेल्यामुळे ज्या शाळेचं वाचन सुधारलेलं दिसतं, ती शाळा सुधारलेली नसते.

यापुढे कारणांचा शोध. सगळ्यात आधी शिक्षक. मंजूर पदं आणि भरलेली पदं हा आकडा कार्यालयात मिळतो, पण मंगळवारी तिसऱ्या तासाला कोणत्या वर्गात कोण उभं होतं हे तिथे जाऊनच कळतं. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं किमान प्रमाण आहे. पट ५५ असलेल्या शाळेत दोन शिक्षक असले की कागद पूर्ण होतो, पण त्या दोघांकडे मिळून चार-पाच इयत्ता असतात. अशा जोडवर्गात बसून एकच गोष्ट पाहावी: शिक्षक तिसरीला शिकवत असताना चौथी काय करते? चौथीच्या हातात स्वतःहून करता येईल असं काम, म्हणजे कार्ड, वाचनाचं पुस्तक, जोडीनं सोडवायचं गणित असेल, तर शिक्षकानं तयारी केलेली आहे. चौथी फळ्यावरचं उतरवत बसली असेल किंवा गप्प बसवली असेल, तर त्या मुलांना निम्मंच वर्ष मिळतंय.

मग दिवस. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, असं कायदा सांगतो. शाळा उघडी असलेले दिवस सहज भरतात. शिक्षक वर्गात असलेले दिवस कुणी मोजत नाही. कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीच्या कामाला मुभा देतं, पण मतदारयाद्यांचं काम, प्रशिक्षणं, पोर्टलवरची माहिती, वस्तूवाटपाच्या नोंदी यांत एका शिक्षकाचे किती दिवस जातात याची बेरीज करून ती शाळेच्या दर्जाच्या कागदावरच लिहावी. तो आकडा शाळेचा दोष नाही, तो आपल्या आणि इतर खात्यांच्या निर्णयांचा परिणाम आहे, आणि म्हणूनच तो लपता कामा नये.

हजेरीबाबत एक सावधगिरी. ज्या आकड्यावर संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी) आणि पैसा अवलंबून असतो तो आकडा फुगतो. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीनं हे दाखवून दिलं आहे. म्हणून त्या दिवशीची हजेरी, वर्गातली डोकी आणि पोषण आहाराच्या नोंदवहीतली ताटं हे तीन आकडे एकमेकांना लावून पाहावेत. महिन्याच्या सरासरीऐवजी सलग दहा दिवसांहून जास्त गैरहजर मुलांची नावं काढावीत. गणपतीत कोकणात आणि एप्रिलमध्ये उत्तरेकडे जाणाऱ्या कुटुंबांमुळे कोणत्या शाळेत कोणत्या महिन्यात खाडा पडतो हे शिक्षकांना पाठ असतं. त्यांना विचारावं आणि चाचणीच्या तारखा त्याप्रमाणे ठेवाव्यात.

वह्या पाहताना लाल टिकांची संख्या पाहू नये. एकाच वर्गातल्या तीन वह्या शेजारी ठेवाव्यात. तिन्हींत उत्तर शब्दशः एकच असेल, एकाच ठिकाणी ओळ तुटत असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. मुलाचं स्वतःचं एक वाक्य, त्याची चूक, आणि खाली सुधारून पुन्हा लिहिलेलं वाक्य सापडलं तर त्या वर्गात लेखन शिकवलं जातंय. ग्रंथालयाचं कपाट उघडायला सांगावं, आणि देवघेवीच्या नोंदवहीत मागच्या आठवड्याची मुलांची नावं आहेत का ते पाहावं. हाताळून कोपरे दुमडलेली चाळीस पुस्तकं नव्याकोऱ्या चारशेंपेक्षा बरी.

शौचालय सकाळी शाळा भरताना पाहून काही कळत नाही, तेव्हा ते धुतलेलं असतं. छोट्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटांनी जावं. आतली कडी लागते का, नळाला पाणी आहे का, दिवा लागतो का, मोठ्या मुलींसाठी झाकणाची कचरापेटी आहे का. एकाच इमारतीत तीन-चार माध्यमांच्या शाळा आणि दोन सत्रं असतात, आणि दुपारच्या सत्राला सकाळचं घाण शौचालय मिळतं. दोन सत्रांच्या मधल्या वेळेत सफाई कुणाकडे आहे हे विचारलं की प्रत्येक मुख्याध्यापक दुसऱ्याकडे बोट दाखवतात, कारण कामाची वाटणीच तशी संदिग्ध केलेली आहे. ती लेखी करून द्यावी. मुली पाणी पिणं टाळतात, दुपारी डोकं धरून बसतात, घरी लवकर जातात, आणि हे सगळं शेवटी हजेरीत आणि वाचनात उतरतं.

पाण्याची टाकी कधी धुतली ती तारीख टाकीवर लिहिलेली असावी. पिण्याच्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी, म्हणजे थेंब टाकून क्लोरीन पाहण्याची तपासणी, दोन मिनिटांत होते, शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. पाण्याला पिवळी छटा आलीच नाही तर टाकी किंवा वाहिनी तपासायला हवी. पावसाळ्यात ही चाचणी दर आठवड्याला व्हावी. आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं ठरलेली आहेत. निरीक्षकांनी चव नोंदवहीतली सही पाहण्याबरोबरच मुलांच्या ताटातलं उष्टं पाहावं. रोज निम्मी खिचडी परत जात असेल तर मोजून दिलेलं धान्य पोटात जात नाही. उताराचा रॅम्प एक फूट चढायला किमान बारा फूट लांब हवा, आणि त्याच्या शेवटी पायरी नको.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात हे कायद्यात आहे, आणि यादीत असतंही. समितीची सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला होत असेल तर घरकाम करणारी आई येऊ शकत नाही, सही मात्र नंतर घेतली जाते. सभेची वेळ पालकांना विचारून ठरवावी. आणि पालक इंग्रजी मागतात म्हणून त्यांना कमी समजू नये. मुलाला खरंच वाचता येतंय हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं, मग ते गणवेश आणि माध्यम यावरून अंदाज बांधतात.

पहिली चाचणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यावी, कारण जून प्रवेश आणि वस्तूवाटपात जातो. दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन आठवड्यांनी, तिसरी मार्चमध्ये. त्याच दिवशी निकाल वर्गशिक्षकांच्या हातात द्यावा, नावांसकट आणि ‘कुठे अडलं’ या रकान्यासकट. त्या निकालावरून वेतनवाढ, बदली किंवा खुलासा यातलं काहीही होणार नाही असं आपल्या सहीचं परिपत्रक आधी काढावं, नाहीतर दुसऱ्याच चाचणीला परिच्छेद फळ्यावर आलेले असतील. शाळेच्या फाटकावर मात्र मुलांची नावं न लिहिता फक्त संख्या लावावी: तिसरीत मुलं इतकी, जुलैत समजून वाचणारी इतकी, आज इतकी, शिक्षक वर्गाबाहेर होते ते दिवस इतके. पालकांच्या भाषेत, मोठ्या अक्षरात, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. तीन चाचण्यांनंतर हा फलक बदलत नसेल तर त्या शाळेत विषय सहायक, म्हणजे शिक्षकांना शिकवण्यात मदत करणारा, किमान दोन महिने आठवड्यातून दोन दिवस वर्गात बसावा, आणि त्याची नेमणूक आपल्या कार्यालयानं एप्रिलच्या आत करावी.

आपले,
पालिका शाळांत शिकवलेले, शाळा तपासणी केलेले आणि शाळा व्यवस्थापन समित्यांवर काम केलेले काही जण
मुंबई